हातावरच्या रेषा आणि हातांनीं केलेलें काम

मालवणच्या किनाऱ्यावरून होडीनें सिंधुदुर्ग किल्ल्यांत जाणारा प्रवासी शिवराजेश्वराचें दर्शन घेतो, दूधबाव, दहीबाव व साखरबाव या विहिरींचें गोडें पाणी पाहून खाऱ्या समुद्रांत हें कसें आलें म्हणून आश्चर्य करतो, आणि मग एका लहानशा घुमटीपाशीं चुन्यावर उमटलेला हाताचा ठसा पाहण्यासाठीं थांबतो. हा ठसा श्रीशिवछत्रपतींच्या हाताचा व दुसरा त्यांच्या पायाचा, असें परंपरा सांगते. त्या ठशापुढें उभ्या राहिलेल्या मंडळींचें बोलणें कोणी कान देऊन ऐकेल, तर एक प्रश्न त्याच्या कानीं हटकून पडेल : “महाराजांच्या हातावर राजयोगाची रेषा होती काय?”

प्रश्न सहज विचारलेला असतो, आणि त्यामागें भक्तीच असते, हें आम्ही जाणतों. परंतु हाच प्रश्न होडींत बसून परत येतो व आपल्या घरांत शिरतो, तेव्हां त्याचें रूप पालटतें. मुलगी पाहावयास आलेली मंडळी तिचीं पावलें जमिनीवर कशीं पडतात तें न्याहाळतात. दुकानांत नवा माणूस ठेवतांना शेटजी त्याच्या हिशेबाच्या वहीऐवजीं त्याच्या कपाळाकडे पाहतात. आणि दुखणाइताचा हात डॉक्टराआधीं हात पाहणाऱ्याच्या हातीं जातो. कोणी शंका काढलीच तर जुन्या ग्रंथांचें नांव पुढें केलें जातें. ग्रंथ जुना, म्हणून खरा. आणि फार जुना, म्हणून फारच खरा! तेव्हां हे जुने ग्रंथ मूळांत आहेत तरी काय, त्यांतील किती घ्यावें, किती टाकावें, आणि कोणाच्या घरीं एखादी पोथी निघालीच तर तिचें काय करावें, याचा विचार आज वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आपल्याकडे अंगावरील खुणांवरून माणसाचें भविष्य सांगण्याच्या विद्येस सामुद्रिक म्हणतात. समुद्र नांवाच्या ऋषीनें ती सांगितली अशी कथा आहे. या विषयाचें प्रकरण गरुडपुराणांत आहे, अग्निपुराणांत आहे, आणि इसवी सनाच्या सहाव्या शतकांतील वराहमिहिराच्या बृहत्संहितेंतहि आहे. बृहत्संहिता हा ग्रंथ सामान्य नव्हे. पर्जन्याचीं चिन्हें, भूमींतील पाण्याचे झरे, घरबांधणी, रत्नपरीक्षा, वृक्षांची निगा असे नाना विषय त्यांत आले आहेत. पुरुषाचीं व स्त्रियांचीं लक्षणें सांगणारे अध्याय याच ग्रंथांत आहेत. पण ते कोणाच्या पंक्तीस बसले आहेत हें पाहण्यासारखें आहे. त्यांच्या आधीं गाईचीं लक्षणें, कुत्र्याचीं लक्षणें, कोंबड्याचीं, कांसवाचीं, बोकडाचीं, घोड्याचीं व हत्तीचीं लक्षणें येतात. बाजारांत जनावर पारखून घेण्याची जी रीत, तीच पुढें माणसास लाविली. बैल घेतांना त्याचे दांत पाहणें शहाणपणाचें आहे, कारण दांतांवरून वय कळतें. पण दांतांवरून बैलाचें पुढच्या वर्षीचें नशीब कळतें, असें कोणताहि शेतकरी मानीत नाहीं. माणसाच्या बाबतींत मात्र आपण ही मर्यादा विसरलों.

आतां त्या लक्षणांतील एक नमुना घेऊं. ज्याचे तळपाय मऊ, घाम न येणारे, कमळाच्या गाभ्यासारखे, तो राजा होय. आणि ज्याचे पाय रुक्ष, वांकडे, शिरा दिसणारे, तो दरिद्री होय, असा त्या वचनांचा भावार्थ आहे. वराहमिहिराची नजर येथें चुकली आहे असें आम्ही म्हणत नाहीं. त्याच्या काळीं राजांचे तळपाय मऊ असतीलच, कारण राजा पालखींत बसतो. आणि दरिद्र्याचे पाय रुक्ष असतीलच, कारण ती पालखी तोच वाहतो. चूक पाहण्यांत नाहीं, अर्थ लावण्यांत आहे. दारिद्र्यानें पाय रुक्ष झाले. पाय रुक्ष म्हणून दारिद्र्य आलें नाहीं. मालवणच्या पुळणीवर रापण ओढणाऱ्या माणसाचा तळहात पाहा. दोर ओढून ओढून त्याची कातडी जाड झालेली असते व तिला घट्टे पडलेले असतात. त्या हातावरून त्यानें काय केलें तें कोणीहि सांगेल. त्याच्या वांट्यास उद्यां किती मासळी येईल तें मात्र कोणासच सांगतां येणार नाहीं. झालेल्याची खूण ही होणाऱ्याचें कारण मानणें, हा या सबंध विद्येचा मूळ दोष आहे.

पुरुषाच्या बाबतींत हा दोष हंसण्यावारी नेतां येईल. स्त्रियांच्या बाबतींत तो तसा नेतां येत नाहीं. पायाची करंगळी भूमीस टेकत नसेल, किंवा अंगठ्याशेजारचें बोट अंगठ्यापेक्षां लांब असेल, तर ती स्त्री वाईट चालीची समजावी, असें याच परंपरेंत लिहून ठेवलें आहे. पायाचीं बोटें कोणी स्वतः घडवीत नाहीं. तीं आईबापांकडून येतात, जसें नाक येतें, जसा रंग येतो. एका बोटाच्या लांबीवरून कुमारिकेच्या शीलाचा निर्णय करणाऱ्यांस आम्ही एवढेंच विचारतों, कीं याच मापानें आपल्या घरच्या मुलींचा निर्णय झालेला तुम्हांस चालेल काय? पाहावयास आलेल्या मंडळींपुढें “जरा चालून दाखव” असें मुलीस सांगण्यांत येतें, तेव्हां तिच्या पायांत दोष नसून पाहणाऱ्यांच्या डोळ्यांत तो असतो. नकार मिळाला कीं त्याचें कारण कोणी उघड सांगत नाहीं. मुलगी मात्र आपल्या शरीराची लाज बाळगून जन्म काढते. आणि दैववशात् लग्नानंतर पतीस कांहीं झालें, तर गलबत वादळांत बुडो कीं ताप विषमाचा असो, दोष तिच्या पायाच्या बोटांवर जातो.

येथें एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. ज्या बृहत्संहितेंतून हीं लक्षणें काढून दाखविलीं जातात, त्याच बृहत्संहितेंत स्त्रीप्रशंसा नांवाचा एक अध्याय आहे. स्त्रियांचे म्हणून जे दोष सांगतात ते पुरुषांतहि आहेतच, स्त्रियांची निंदा करणारे लोक सद्भावानें बोलत नाहींत, अशा आशयाचें प्रतिपादन वराहमिहिरानें तेथें केलें आहे. म्हणजे ग्रंथकारानें दोन्ही गोष्टी लिहिल्या, आणि आपण त्यांतील सोयीची तेवढी उचलली! जुन्या ग्रंथाचा आधार घ्यावयाचा तर सबंध ग्रंथाचा घ्यावा. अर्धें पान फाडून घेऊन त्यास शास्त्र म्हणूं नये.

शिवाय या विद्येस जुन्या काळीं सर्वांची संमति होती, हेंहि खरें नाहीं. संन्याशानें उत्पात सांगून, नक्षत्रें पाहून किंवा अंगविद्येनें भिक्षा मिळवूं नये, असा निर्बंध मनुस्मृतींत आहे. दीघनिकायांतील ब्रह्मजालसुत्तांत अंगावरच्या खुणा पाहून भविष्य सांगणें ही हीन प्रतीची उपजीविका गणली असून भिक्षूनें तिच्यापासून दूर राहावें असें सांगितलें आहे. तेव्हां जो कोणी हात पाहण्यास नकार देतो तो परंपरा सोडतो, असें म्हणतां येत नाहीं. नकार देणारीहि एक परंपरा आहे, आणि तीहि तितकीच जुनी आहे.

हा मोह केवळ आपल्याच देशांत होता असेंहि कोणी समजूं नये. युरोपांत पंधराव्या शतकांत हार्टलीब नांवाच्या पंडिताचा हस्तसामुद्रिकावरील जर्मन ग्रंथ लांकडी ठशांनीं छापला गेला. १५८६ सालीं इटालीच्या देल्ला पोर्ता यानें माणसांचे चेहरे जनावरांच्या चेहऱ्यांशेजारीं मांडून स्वभाव सांगणारें पुस्तक काढलें. १७७५ ते १७७८ या काळांत स्वित्झर्लंडच्या लाव्हाटर या धर्मोपदेशकाचे मुखचर्येवरील सचित्र खंड प्रसिद्ध झाले व सबंध युरोपास तोंडें वाचण्याचें वेड लागलें. या वेडापायीं जगाचें केवढें नुकसान होणार होतें तें पाहा. १८३१ सालीं ‘बीगल’ जहाजाचा कप्तान फिट्झरॉय हा लाव्हाटरचा भक्त होता. सफरीस येऊं इच्छिणाऱ्या एका तरुणाचें नाक पाहून, या नाकाच्या माणसांत एवढ्या प्रवासास लागणारी धमक नसावी, असें त्यास वाटलें व तो त्यास घेण्यास कांकूं करूं लागला. तो तरुण चार्लस डार्विन होता. नशीबानें कप्तानानें आपला हट्ट सोडला. नाहीं तर एका नाकापायीं प्राणिशास्त्रांतील एवढा मोठा ग्रंथकार किनाऱ्यावरच राहिला असता. ज्यांच्या घरीं तांडेलकी चालत आली आहे त्या आमच्या वाचकांस हें सांगणें नलगे, कीं खलाशाची पारख नाकावरून होत नसून वाऱ्यापावसांत होते.

पुढें हें वेड अधिक विषारी झालें. १८७६ सालीं लोंब्रोसो या इटालियन वैद्यानें जन्मजात गुन्हेगार त्याच्या जबड्यावरून, कानांवरून व कपाळावरून ओळखतां येतो असा सिद्धांत मांडला. चार्लस गोरिंग यानें इंग्लंडांतील सुमारें ३,००० कैद्यांचीं मापें घेऊन तीं इतर लोकांच्या मापांशीं ताडून पाहिलीं, आणि अशी कोणतीहि वेगळी गुन्हेगारी जात दिसत नाहीं, असें १९१३ सालीं प्रसिद्ध केलें. आपल्या देशांत याच सुमारास हर्बर्ट रिस्ले या अधिकाऱ्यानें माणसांचीं नाकें मोजलीं, आणि नाक जितकें रुंद तितकी जात हलकी, असा नियम बसविला. सामुद्रिकानें एका माणसाचें नशीब नाकावर लिहिलें होतें. रिस्लेसाहेबांनीं सबंध जातीचें लिहिलें.

आम्हांस सांगण्यास अभिमान वाटतो, कीं या नियमाचें परीक्षण ज्यांनीं केलें त्यांत मालवणचा एक सुपुत्र होता. डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांचा जन्म १८९३ सालीं मालवण येथें झाला. १९३२ सालच्या आपल्या जाति व वंश या विषयावरील इंग्रजी ग्रंथांत त्यांनीं निरनिराळ्या प्रांतांतील मापें एकत्र मांडून दाखविलें, कीं उत्तरेकडील हिंदुस्थान प्रांताबाहेर जातीची उंची व नाकाचें माप यांचा असा मेळ बसत नाहीं. त्यांनीं दिलेल्या मापांचाच आधार घेऊन डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं १९४८ सालच्या अस्पृश्यांविषयींच्या ग्रंथांत ब्राह्मण व अस्पृश्य हे निरनिराळ्या वंशांचे नाहींत, हें प्रतिपादन केलें. तोंडावरून माणसाची पायरी ठरविणाऱ्या विद्येस तिच्याच मोजपट्टीनें उत्तर मिळालें, आणि तें देण्यांत या किनाऱ्याचा हात होता.

आतां कोंकणच्या नांवानें जगभर पसरलेल्या एका गोष्टीकडे वळूं. किरो या टोपणनांवानें गाजलेला हात पाहणारा १८६६ सालीं आयर्लंडांत जन्मला. त्याचें खरें नांव विल्यम जॉन वॉर्नर. लंडन व अमेरिका येथें त्याचा व्यवसाय जोरांत चालला. मार्क ट्वेनसारख्या ग्रंथकारानेंहि त्यास हात दाखविला होता. १९३६ सालीं तो वारला. पण त्याच्या पुस्तकांच्या मराठी आवृत्त्या आजहि बसस्थानकावरच्या दुकानांत मिळतात. आपण ही विद्या हिंदुस्थानांत, कोंकणांतील एका ब्राह्मण गुरूपाशीं शिकलों, आणि तेथें आपणांस एक अतिप्राचीन ग्रंथ पाहावयास मिळाला, असें तो सांगे. तो ग्रंथ म्हणे मनुष्याच्या कातड्याचा होता. त्यांत हातांच्या शेंकडो आकृति होत्या, आणि कोणतें चिन्ह केव्हां, कोठें व कसें खरें ठरलें त्याच्या नोंदी होत्या.

या कथेस किरोच्या स्वतःच्या शब्दांखेरीज आधार नाहीं. परंतु आधार मागण्याच्या आधींच कोंकणांतील कोणाहि जुन्या माणसास ती हंसूं येण्यासारखी आहे. आमच्याकडील पोथ्या कागदाच्या, क्वचित् ताडपत्राच्या. वर खालीं लांकडी फळ्या व भोंवतीं तांबडें फडकें. ज्या घरांत सोंवळ्यांतल्या माणसास चामड्याचा स्पर्श चालत नसे, मृताचें सुतक दहा दिवस धरलें जात असे, त्या घरांतील देवघरांत माणसाच्या कातड्याचा ग्रंथ पूजिला जात होता, हें परदेशच्या वाचकास खपेल. मालवणांत खपणार नाहीं. मौज अशी, कीं जी गोष्ट सांगून किरोनें परदेशीयांकडून पैसा मिळविला, तीच गोष्ट आतां आपलेच लोक, “पाहा, साहेबसुद्धां आमच्याकडे शिकले,” म्हणून अभिमानानें सांगतात.

क्षणभर तो ग्रंथ होता असेंच धरून चालूं. त्यांत कोणतें चिन्ह केव्हां खरें ठरलें त्याच्या नोंदी होत्या. ठीक. आमच्या व्यापारी वाचकांस आम्ही विचारतों, कीं जें चिन्ह खोटें ठरलें त्याच्या नोंदी कोठें होत्या? ज्या वहींत जमेची बाजू तेवढी लिहिली आणि खर्चाचीं पानें कोरीं ठेवलीं, त्या वहीवर कोणता सावकार एक रुपयाहि उसना देईल? सामुद्रिकाच्या सर्व ग्रंथांची, देशी असोत वा विलायती, हीच वही आहे. शंभर भाकितांतील पंचवीस योगायोगानें जुळतात. तीं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलीं जातात. पंचाहत्तर चुकतात, तीं कोणी लिहून ठेवीत नाहीं.

“पण आम्हांस अनुभव आला आहे त्याचें काय?” असें कित्येक म्हणतील. अनुभव खोटा असें आम्ही म्हणत नाहीं; त्याचें कारण वेगळें आहे असें म्हणतों. १९४८ सालीं अमेरिकेंत बर्ट्रम फोरर नांवाच्या मानसशास्त्राच्या अध्यापकानें आपल्या ३९ विद्यार्थ्यांस प्रत्येकाचें म्हणून एक स्वभाववर्णन दिलें व तें कितपत जुळतें यास पांचांपैकीं गुण देण्यास सांगितलें. सरासरी ४ च्या वर गुण पडले. मग त्यानें उघड केलें, कीं सर्वांस एकच वर्णन दिलें होतें, आणि त्याचा बराच भाग रस्त्यावर विकत मिळणाऱ्या भविष्याच्या पुस्तकांतून घेतला होता. रे हायमन या दुसऱ्या मानसशास्त्रज्ञाची हकीकत तर याहून बोधप्रद आहे. तारुण्यांत तो स्वतः हात पाहून चार पैसे मिळवी, व ही विद्या खरी आहे असें त्यास मनापासून वाटूं लागलें होतें. एका जाणत्या मित्रानें त्यास सुचविलें, कीं कांहीं दिवस रेषांचा जो अर्थ पुस्तकांत आहे त्याच्या नेमका उलट सांगून पाहा. त्यानें तसें केलें. लोक पूर्वीप्रमाणेंच चकित होऊन “अगदीं बरोबर” म्हणूं लागले! तेव्हां त्याचे डोळे उघडले. उलटें सांगितलें तरी जी विद्या जुळते, ती हातांत नसून ऐकणाऱ्याच्या मनांत आहे हें उघड आहे.

महाराष्ट्रांतहि अशी एक परीक्षा झाली आहे. ती हाताची नसून कुंडलीची होती. तथापि तिचा धडा दोहोंस सारखाच लागू आहे. २००८ सालीं डॉ. जयंत नारळीकर, डॉ. नरेंद्र दाभोलकर, प्रकाश घाटपांडे व सुधाकर कुंटे यांनीं हुशार मुलांच्या १०० व मतिमंद मुलांच्या १०० अशा २०० कुंडल्या जमविल्या, आणि ज्योतिष्यांस आवाहन केलें, कीं कोणती कुंडली कोणत्या मुलाची तें ओळखावें. ज्यांनीं उत्तरें पाठविलीं अशा २७ ज्योतिष्यांस प्रत्येकीं ४० कुंडल्या दिल्या होत्या. त्यांचीं उत्तरें सरासरी शेंकडा ४६ बरोबर आलीं. नाणें उडवून सांगितलें असतें तर ५० आलीं असतीं.

याचा अर्थ खुणांवरून कांहींच कळत नाहीं असा नव्हे. कोंकणचा दर्यावर्दी खुणांवरच जगतो. तिथीच्या आंकड्याची पाऊणपट करावी, म्हणजे भरतीची वेळ अजमासें निघते. चतुर्थीस तीनच्या सुमारास, अष्टमीस सहाच्या सुमारास, हा हिशेब येथील कोळ्यांच्या पोरांसहि येतो. पौर्णिमेस व अमावास्येस उधाण येतें, अष्टमीच्या आगेंमागें भरती मंदावते. हीहि आकाश पाहून सांगितलेली गोष्टच आहे. मग तिच्यांत व हाताच्या रेषेंत फरक काय? फरक एवढाच, कीं चंद्र समुद्रास कसा ओढतो तें दाखवितां येतें, आणि सांगितलेलें खरें कीं खोटें तें त्याच दिवशीं धक्क्यावर उभें राहून पाहतां येतें. चुकलें तर चुकलें म्हणावेंच लागतें.

तळहाताचेंहि तसेंच आहे. डॉक्टर तुमचा हात पाहतो तो उगीच नव्हे. तळहात पांढरा पडला असेल तर रक्त कमी आहे. नखें चमच्यासारखीं खोलगट झालीं असतील तर शरीरांत लोह कमी असावें. बोटांचीं टोकें फुगून नखें गोल झालीं असतील तर फुप्फुसाचा किंवा हृदयाचा विकार आहे काय तें तपासावें लागतें. हातावरच्या मोठ्या रेषा गर्भ सुमारें तीन महिन्यांचा होतो तेव्हां मूठ जेथें दुमडते तेथें पडतात. डाउन या जन्मजात अवस्थेंत सुमारें निम्म्या मुलांच्या तळहातावर दोन रेषांऐवजीं एकच आडवी रेषा असते. पण ती धडधाकट माणसांच्याहि हातावर आढळते, म्हणून डॉक्टर केवळ तिच्यावरून निदान करीत नाहीं. हा संयम हेंच शास्त्राचें लक्षण होय. ज्या गृहस्थाचा हात पांढरा पडला आहे त्यास ‘शनीचा उंचवटा दबला आहे’ असें सांगून खडा विकला जातो, तेव्हां रोग बळावण्यास जो काळ मिळतो त्याची भरपाई कोणताहि खडा करीत नाहीं.

हाताचा ठसा माणूस कोण आहे हेंहि सांगतो. १८५८ सालीं बंगालच्या जंगीपूर येथें विल्यम हर्शेल या अधिकाऱ्यानें कोनाई नांवाच्या कंत्राटदाराच्या करारावर त्याच्या तळहाताचा ठसा घेतला; पुढें १८९७ सालीं कलकत्त्यास बोटांच्या ठशांची कचेरी निघाली, व तेथील पद्धति बसविण्यांत अझीझुल हक व हेमचंद्र बोस या आपल्या देशबांधवांची बुद्धि खर्ची पडली. हात ‘कोण’ तें सांगतो. ‘पुढें काय’ तें सांगत नाहीं. एवढा भेद ध्यानांत ठेवला तर पुष्कळ फसवणूक टळेल.

हें सर्व वाचून कोणी तापट सुधारक म्हणेल, कीं मग या पोथ्या समुद्रांत टाका. आम्ही तसें मुळींच म्हणत नाहीं. उलट त्या काळजीनें जपा असें आमचें आग्रहाचें सांगणें आहे. मालवणासच १८३७ सालीं जन्मलेले डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचें उदाहरण यापरतें दुसरें कोणतें द्यावें? मुंबई इलाख्यांतील हस्तलिखितें शोधून त्यांचे अहवाल लिहिण्यांत त्यांनीं वर्षानुवर्षें घालविलीं. त्यांच्या नांवानें १९१७ सालीं पुण्यास निघालेल्या संस्थेंत हजारों हस्तलिखितें सांभाळून ठेवलीं आहेत. त्याच भांडारकरांनीं प्रार्थनासमाजांत राहून सुधारणेचा पुरस्कार केला, आणि आपल्या विधवा कन्येचा पुनर्विवाह करून दिला. ज्यास जुने ग्रंथ सर्वांत अधिक ठाऊक, त्यास त्यांचें भय सर्वांत कमी होतें. पोथी जपणें आणि पोथीच्या सांगण्यावरून मुलीचें कपाळ पारखणें या दोन भिन्न गोष्टी आहेत, हें त्यांच्या चरित्रावरून कळतें.

म्हणून ज्यांच्या माळ्यावर अशी एखादी पोथी असेल त्यांस आमची विनंती : ती कोंकणच्या दमट हवेंत भिंतीस टेकून ठेवूं नका, कसर व वाळवी यांचें भक्ष्य होऊं देऊं नका. फाटलेलें पान चिकटपट्टीनें जोडूं नका, कारण कालांतरानें त्या चिकटपट्टीनेंच कागद खराब होतो. स्वच्छ सुती कापडांत गुंडाळून कोरड्या जागीं ठेवा, व जवळच्या वाचनालयास किंवा विद्यापीठास कळवून तिचीं छायाचित्रें घेववा. हस्तलिखितांची मोजदाद करण्याचें काम सरकारनेंहि २००३ सालापासून हातीं घेतलें आहे. आणि कोणी गोड बोलून जुनी पोथी विकत घेऊं लागला तर सावध असा : ७५ वर्षांहून जुनीं व शास्त्र, इतिहास किंवा वाङ्मय यांच्या दृष्टीनें मोलाचीं हस्तलिखितें १९७२ च्या कायद्याप्रमाणें पुराणवस्तु ठरतात, आणि खासगी माणसास तीं देशाबाहेर नेतां येत नाहींत. त्या पोथींत आपल्या पूर्वजांनीं काय मानलें, कशाची भीति बाळगली, कोणती भाषा लिहिली, तें सांठलेलें आहे. तो इतिहास आहे, आज्ञा नव्हे.

एक इशारा देऊन लेख आटोपतों. जुन्या सामुद्रिकाचा जोर ओसरत असतांना नवें सामुद्रिक यंत्राच्या रूपानें येत आहे. भ्रमणध्वनीवर हाताचें चित्र घेऊन भविष्य सांगणारे कार्यक्रम निघाले आहेत. नोकरीसाठीं आलेल्या उमेदवाराचा चेहरा यंत्रास दाखवून त्याचा स्वभाव ठरविण्याचेहि प्रयत्न होत आहेत. यांतील धोका ओळखून युरोपीय संघानें २०२४ सालच्या कायद्यानें कामाच्या व शिक्षणाच्या ठिकाणीं, वैद्यकीय व सुरक्षिततेचीं कारणें सोडून, माणसाच्या भावना ताडणारीं यंत्रें वापरण्यास मनाई केली. यंत्रानें सांगितलें म्हणजे तें शास्त्र झालें असें मानणारा मनुष्य, पोथींत लिहिलें म्हणजे तें शास्त्र झालें असें मानणाऱ्याचा सख्खा भाऊ होय. काजूचा व्यापारी पोत्याच्या रंगावर जात नाहीं. मूठभर बिया कापून आंतला गर पाहतो. माणूस पारखतांना त्यानें याहून कमी चोखंदळ कां असावें? उमेदवारास आठ दिवस काम देऊन पाहा. मुलीशीं चार शब्द बोलून पाहा, आणि तिलाहि बोलूं द्या.

पुन्हां एकदां सिंधुदुर्गांतील त्या घुमटीपाशीं येऊं. १६६४ च्या नोव्हेंबरांत कुरटे बेटावर या किल्ल्याचें काम सुरू झालें. लाटांच्या माऱ्यांत पायाचे दगड बसविण्यासाठीं शिसें ओतलें गेलें. पाथरवट, लोहार, गवंडी, होडीवाले असे असंख्य हात वर्षानुवर्षें राबले. त्यांतील एका हाताचा ठसा आपण जपून ठेवला आहे. बाकीच्यांचे ठसे त्या तटाच्या प्रत्येक चिऱ्यावर आहेत. यांपैकीं कोणाच्या हातावर कोणती रेषा होती तें कोणींहि पाहिलें नव्हतें, आणि पाहण्याची कोणास गरजहि वाटली नाहीं. तट मात्र साडेतीन शतकें समुद्राचा मार खात उभा आहे.